मुद्रांक शुल्कासाठी सोपवलेल्या पैशांचा अपहार झाला, तर कारवाई कोणत्या क्रमाने करावी

दस्त नोंदणीसाठी दिलेले पैसे मधल्या माणसाने खाल्ले असे कळले की बहुतेक जण त्याच दिवशी पोलीस ठाणे गाठतात. तिथे ‘हा देवाणघेवाणीचा वाद आहे, दिवाणीत जा’ असे ऐकून ते परत येतात आणि मग त्याच माणसाकडून पुढच्या तारखेचा एक धनादेश व पाचशेच्या स्टॅम्पवर ‘हातउसने घेतलेले पैसे तीन महिन्यांत परत करतो’ असा कागद लिहून घेतात. या एका कागदाने त्यांची फौजदारी बाजू लंगडी होते. दरम्यान दस्तावर शुल्क भरलेच गेलेले नसते आणि त्याचा दंड महिन्यागणिक चढत असतो. क्रम चुकल्यामुळे दुहेरी नुकसान झालेली अशी प्रकरणे वारंवार समोर येतात, म्हणून हा लेख क्रमावरच भर देतो. लेखातील मुद्रांक व नोंदणीविषयीचे नियम महाराष्ट्राचे आहेत.

एक गोष्ट आधी स्पष्ट असावी. आपल्याकडे दुय्यम निबंधक दस्ताची नोंदणी करतो. पक्षकारांच्या वतीने शुल्काची रक्कम स्वतःकडे ठेवून ती भरणे हे त्याचे काम नाही. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी शासनाच्या ग्रास प्रणालीतून, म्हणजे ऑनलाइन चलनाने, थेट कोषागारात जाते. पक्षकार आणि कोषागार यांच्यामध्ये वकील, एजंट, मुद्रांक विक्रेता, बिल्डरचा माणूस किंवा कार्यालयातला ओळखीचा कारकून उभा राहतो, आणि पैसे गळतात ते तिथेच. या प्रत्येकाची कायदेशीर जबाबदारी वेगळी आहे.

टप्पा १ : पैसे कुठपर्यंत पोहोचले ते पाहा

माणसाला फोन करण्याआधी दस्त उघडा. नोंदवलेल्या दस्ताच्या अखेरच्या पानांपैकी एकावर शुल्क भरल्याचा तक्ता छापलेला असतो. त्यात खरेदीदाराचे नाव, भरण्याचा प्रकार, जीआरएन म्हणजे चलनाचा क्रमांक, रक्कम, डिफेस क्रमांक आणि डिफेसची तारीख असे रकाने असतात, आणि खाली एसडी म्हणजे मुद्रांक शुल्क, आरएफ म्हणजे नोंदणी फी व डीएचसी म्हणजे दस्त हाताळणी शुल्क असा खुलासा असतो. डिफेस म्हणजे ते चलन या दस्तासाठी वापरले गेले आणि पुन्हा वापरता येणार नाही, अशी नोंद. हा रकाना रिकामा असेल किंवा हे पानच नसेल, तर दस्त नोंदवला गेला आहे की नाही इथूनच शंका घ्यावी.

यानंतर जीआरएन घेऊन ग्रासच्या संकेतस्थळावर चलन शोधा आणि नाव, रक्कम व तारीख जुळवा. नोंदणी विभागाच्या ई-सर्चमध्ये सूची क्रमांक दोन, म्हणजे इंडेक्स टू (नोंदवलेल्या दस्ताचा गोषवारा), स्वतः काढा; एजंटाने व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या पीडीएफवर विसंबू नका.

साधारणपणे चारपैकी एक प्रकार हाती लागतो. चलनच बनावट असते. चलन खरे असते पण दुसऱ्याच्या नावाचे किंवा दुसऱ्या दस्ताला वापरलेले असते. दस्त सही होऊन नोंदणीविना पडून असतो. किंवा सगळे रीतसर झालेले असते आणि तुमच्याकडून घेतलेली रक्कमच भरलेल्या रकमेपेक्षा जास्त असते. चौथा प्रकार सर्वांत कमी लक्षात येतो. पुणे महापालिका हद्दीत ४८ लाखांची सदनिका घेताना ७ टक्क्यांनी ३,३६,००० रुपये मुद्रांक शुल्क होते. पण निवासी सदनिका एकट्या स्त्रीच्या नावावर असेल तर १ टक्का सवलत मिळून ते २,८८,००० होते. एजंटाने हिशोब पहिल्या आकड्याने सांगितला आणि चलन दुसऱ्या आकड्याचे काढले, तर ४८,००० रुपये खिशात जातात आणि दस्तात काहीच खोट दिसत नाही. नोंदणी फी १ टक्का असली तरी तिची कमाल मर्यादा ३०,००० रुपये आहे. तिथेही ‘एक टक्का’ म्हणून ४८,००० घेतलेले आढळतात.

तपासा : घेतलेली एकूण रक्कम, तीतून ठरलेली मेहनतान्याची रक्कम आणि प्रत्यक्ष भरलेले शुल्क हे तीन आकडे एका कागदावर मांडा. पुढच्या सर्व अर्जांत हेच आकडे जसेच्या तसे जायला हवेत. एका अर्जात एक आणि दुसऱ्यात दुसरा आकडा गेला की आरोपीच्या वकिलाला आयते साधन मिळते.

टप्पा २ : शासनाचे देणे आधी भागवा

हा टप्पा लोकांना सर्वांत अन्यायकारक वाटतो, कारण एकदा दिलेले पैसे पुन्हा द्यावे लागतात. तरीही तो पुढे ढकलू नये. वेगळे काही ठरलेले नसेल तर खरेदीखताचे मुद्रांक शुल्क भरण्याची जबाबदारी महाराष्ट्र मुद्रांक अधिनियम १९५८ च्या कलम ३० नुसार खरेदीदाराची असते, आणि ‘मी एजंटाला दिले होते’ हे उत्तर शासनापुढे चालत नाही. कमी पडलेल्या शुल्कावर, दस्तावर सह्या झाल्याच्या तारखेपासून, दरमहा २ टक्के दंड लागतो आणि तो त्या कमी पडलेल्या रकमेच्या चौपटीपर्यंत जाऊ शकतो. वरच्या उदाहरणात २,८८,००० रुपये भरलेच गेले नसतील तर महिन्याला ५,७६० रुपये वाढत राहतात. शिवाय पुरेसे शुल्क नसलेला दस्त कलम ३४ मुळे न्यायालयात पुराव्यात घेतला जात नाही. ज्या दस्ताच्या जोरावर तुम्ही भांडणार, तोच बाजूला पडतो.

नोंदणी राहिली असेल तर तारीख मोजा. नोंदणी अधिनियम १९०८ च्या कलम २३ नुसार सह्या झाल्यापासून ४ महिन्यांत दस्त सादर करावा लागतो. कलम २५ नुसार त्यापुढचे ४ महिने, नोंदणी फीच्या दहापटीपर्यंत दंड भरून, मिळू शकतात. तीही मुदत गेली की विक्रेत्याला पुन्हा कार्यालयात बसवून नवा दस्त करावा लागतो, आणि तोपर्यंत भाव वाढलेले असले तर विक्रेता येईलच असे नाही.

दस्त घेऊन मुद्रांक जिल्हाधिकारी कार्यालयात स्वतःहून जावे आणि कमी पडलेले शुल्क व दंड भरावा. दंडाची प्रत्येक पावती जपून ठेवावी. एजंटाच्या गैरवर्तनामुळे झालेले थेट नुकसान मालकाला भरून मिळावे, हे तत्त्व भारतीय करार अधिनियम १८७२ च्या कलम २११ व २१२ मध्ये आहे. ही पावती म्हणजे त्या नुकसानीचा पुरावा होय.

सावध : खरेदी ५० लाख किंवा अधिक रकमेची असेल तर १ टक्का टीडीएसही याच माणसाच्या हाती दिला होता का, हे आठवा. तो विक्रेत्याच्या कर खात्यात जमा दिसत नसेल तर व्याज आणि विलंब शुल्क तुमच्याच नावावर चढते.

टप्पा ३ : पैसे कोणाला, कोणत्या नात्याने दिले ते ठरवा

सगळे प्रकरण या एका प्रश्नावर उभे राहते. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६ मध्ये फौजदारी न्यासभंग हा गुन्हा आहे. विशिष्ट कामासाठी सोपवलेली रक्कम अप्रामाणिकपणे स्वतःसाठी वापरणे किंवा ठरल्याविरुद्ध खर्च करणे, हा त्याचा गाभा. साध्या प्रकरणी कलम ३१६(२) प्रमाणे ५ वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. मात्र रक्कम लोकसेवकाकडे त्या नात्याने, अथवा दलाल, मुखत्यार किंवा एजंट यांच्याकडे त्यांच्या धंद्याच्या ओघात सोपवलेली असेल, तर कलम ३१६(५) लागते आणि शिक्षा जन्मठेप किंवा १० वर्षांपर्यंत कैद आणि दंड इथवर जाते. म्हणून ‘एका ओळखीच्या माणसाला पैसे दिले’ असे लिहिणे आणि ‘दस्त नोंदणीचा व्यवसाय करणाऱ्या एजंटाकडे, मुद्रांक शुल्क भरण्यासाठी, रक्कम सोपवली’ असे लिहिणे, यांत कायद्याच्या दृष्टीने मोठे अंतर आहे. खरे असेल तेच लिहावे, पण पूर्ण लिहावे.

*दुय्यम निबंधक व कार्यालयीन कर्मचारी.* नोंदणी अधिनियमाच्या कलम ८४ नुसार नोंदणी अधिकारी लोकसेवक आहेत. सद्भावनेने केलेल्या कामासाठी त्यांना कलम ८६ चे संरक्षण आहे, पण पैसे खिशात घालणे हे सद्भावनेचे काम नव्हे. सोपवलेल्या मालमत्तेचा अपहार भ्रष्टाचार प्रतिबंधक अधिनियम १९८८ च्या कलम १३ खालीही येतो. त्याची शिक्षा ४ ते १० वर्षे कैद. अडचण पुराव्याची असते. कारकुनाने पैसे घेणे हे त्याच्या अधिकृत कामात बसत नाही, त्यामुळे ‘लोकसेवक या नात्याने’ सोपवणूक झाली हे सिद्ध करणे सोपे नाही. तक्रारीत त्याने कोणत्या खिडकीवर, कोणत्या वेळी, काय सांगून पैसे घेतले हे नेमके हवे.

*मुद्रांक विक्रेता.* परवानाधारक विक्रेता भ्रष्टाचार प्रतिबंधक अधिनियमाच्या दृष्टीने लोकसेवक आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये म्हटले आहे. त्याच्याविरुद्ध परवाना देणाऱ्या मुद्रांक कार्यालयाकडेही जाता येते.

*वकील.* बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांनुसार वकिलाने अशिलाच्या पैशांचा हिशोब ठेवला पाहिजे, आणि त्यात फी किती व खर्चासाठी किती हे वेगळे दाखवले पाहिजे. ‘ते माझ्या फीत वळते केले’ हा बचाव ऐकला की पहिला प्रश्न हाच विचारावा, की हिशोबात ती नोंद कोणत्या तारखेला आहे.

*बिल्डर.* महाराष्ट्र सदनिका मालकी अधिनियम १९६३, म्हणजे मोफा, याच्या कलम ५ नुसार घेतलेल्या रकमा वेगळ्या खात्यात, विश्वस्त म्हणून ठेवून त्याच कामासाठी वापरायच्या असतात, आणि त्या रकमांच्या न्यासभंगासाठी कलम १३ मध्ये ५ वर्षांपर्यंत कैद आहे.

टप्पा ४ : पुरावा बांधा

बँकेचे विवरणपत्र शाखेतून शिक्क्यासह घ्यावे. यूपीआयच्या नोंदीत ‘स्टॅम्प ड्युटी’ असा शेरा असेल तर तो पुराव्यात सोन्याच्या मोलाचा ठरतो. व्हॉट्सॲपवरील संवादाचे फक्त स्क्रीनशॉट पुरत नाहीत. भारतीय साक्ष्य अधिनियम २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत प्रमाणपत्र जोडावे लागते, आणि त्याचा एक भाग नोंद सादर करणाऱ्याने व दुसरा तज्ज्ञाने भरायचा असतो. ज्या मोबाइलवर संवाद झाला तो विकू नये, फॉरमॅट करू नये. न्यायालयात मूळ यंत्र मागितले जाऊ शकते.

रोख दिली असेल तर काम अवघड होते, पण संपत नाही. माणूस अजून फोन उचलतो आहे तोवर शांतपणे एक साधा संदेश पाठवावा : ‘दि. अमुक रोजी खरेदीखताच्या मुद्रांक शुल्कासाठी आपल्याकडे दिलेल्या ३,६६,००० रुपयांचे चलन अजून मिळालेले नाही, कृपया पाठवावे.’ उत्तरादाखल आलेले ‘दोन दिवसांत करतो साहेब’ हे चार शब्द रक्कम आणि उद्देश दोन्हींची कबुली ठरू शकतात. रागाने लिहिलेल्या, धमकीच्या संदेशाला असे उत्तर येत नाही. एका व्यवहारात २ लाख किंवा अधिक रोख स्वीकारण्यास आयकर कायद्याची मनाई आहे आणि तिचा दंड स्वीकारणाऱ्यावर आहे, त्यामुळे या भीतीने रोखीची बाब लपवू नये.

टप्पा ५ : हिशोब मागणारी नोटीस

करार अधिनियमाचे कलम २१३ एजंटाला मागणी होताच हिशोब देण्यास बांधते. म्हणून नोटिशीत ‘पैसे परत करा’ याच्याही आधी ‘हिशोब द्या’ हे वाक्य हवे. नात्याचे स्वरूप, रक्कम, तारीख, उद्देश, भरणा न झाल्याचे कसे कळले, आणि १५ दिवसांत हिशोब व शिल्लक रक्कम द्यावी, एवढे पुरे. शिवीगाळ, कुटुंबाचा उल्लेख, ‘समाजात बदनामी करू’ असले वाक्य कटाक्षाने टाळावे. पोहोच मिळेल अशा पद्धतीने स्पीड पोस्टाने पाठवून त्याच मजकुराची प्रत ईमेल व व्हॉट्सॲपवर द्यावी.

नोटीस दिल्याशिवाय फिर्याद होत नाही असे मात्र नाही. बनावट चलन हाती असेल, किंवा माणूस कार्यालय बंद करून जाण्याच्या बेतात असेल, तर नोटिशीत पंधरा दिवस घालवू नयेत.

टप्पा ६ : तडजोडीचा कागद आला तर

नोटीस गेली की माणूस भेटायला येतो, सहसा मध्यस्थ घेऊन. पैसे परत येत असतील तर घ्यावेत; त्यात गैर काही नाही. मात्र कागदावर ‘हातउसने’, ‘कर्ज’, ‘उधार’ हे शब्द येऊ देऊ नयेत. कर्जाऊ दिलेली रक्कम घेणाऱ्याची होते आणि ती न फेडणे हा न्यासभंग ठरत नाही. कागदात असे असावे : ‘मुद्रांक शुल्क भरण्यासाठी माझ्याकडे सोपवलेली अमुक रक्कम मी त्या कामासाठी वापरली नाही. त्यापैकी अमुक आज परत करीत आहे.’ त्याने यावर सही करायला नकार दिला तर कागदाविना, बँकेतून आलेले पैसे घ्यावेत आणि ‘अंशतः परतफेड मिळाली’ एवढा संदेश पाठवावा.

‘परत देणारच होतो, तात्पुरते वापरले’ हा बचाव नेहमीचा आहे. संहितेच्या कलम ३१४ च्या स्पष्टीकरणानुसार काही काळापुरता केलेला अप्रामाणिक अपहार हाही अपहारच असतो.

धनादेश घेतला आणि तो वटला नाही, तर बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत नोटीस, नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत पैसे न आल्यास त्यापुढील एक महिन्यात परक्राम्य लेख अधिनियमाच्या (धनादेशांविषयीच्या कायद्याच्या) कलम १३८ ची तक्रार, हा हिशोब कॅलेंडरवर लगेच लिहून ठेवावा.

टप्पा ७ : फिर्याद

आधी कायदा ठरवा. पैसे १ जुलै २०२४ पूर्वी खाल्ले गेले असतील तर जुन्या भारतीय दंड संहितेची कलमे ४०६ किंवा ४०९ लागतात, त्यानंतर असतील तर नवी संहिता. यात एक बारीक पण महागडा फरक आहे. जुन्या कलम ४०६ ची कमाल शिक्षा ३ वर्षे असल्यामुळे न्यायालयाने दखल घेण्यास ३ वर्षांची मुदत आहे, तर कलम ४०९ ला तशी मुदत नाही. जुन्या प्रकरणात ‘बघू, देईल’ म्हणून तीन वर्षे काढलेल्यांना हे उशिरा कळते.

दुसरी चूक म्हणजे फसवणूक आणि न्यासभंग ही दोन्ही कलमे एका श्वासात लिहिणे. फसवणुकीत पहिल्याच दिवशी खोटा हेतू असावा लागतो. न्यासभंगात पैसे आधी रीतसर सोपवले जातात आणि नियत नंतर फिरते. एकाच घटनेतून हे दोन्ही गुन्हे एकत्र होऊ शकत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये ठणकावले आहे. वर्षानुवर्षे तुमची कामे करणाऱ्या एजंटाने या खेपेला पैसे खाल्ले, तर ती न्यासभंगाची घटना आहे. बनावट चलन मात्र वेगळीच गोष्ट आहे; तिथे बनावटीकरण आणि बनावट कागद खरा म्हणून वापरणे ही कलमे स्वतंत्रपणे येतात.

फिर्याद दीड-दोन पानांची, तारखांच्या क्रमाने असावी. ठाण्यात ‘अर्ज ठेवून जा’ म्हणाले तर शिक्का मारलेली पोहोच घ्यावी. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याच्या, कलम १७३(३) नुसार ३ वर्षे ते ७ वर्षांहून कमी शिक्षेच्या गुन्ह्यात, उपअधीक्षकांच्या परवानगीने, १४ दिवसांत प्राथमिक चौकशी करता येते. कलम ३१६(२) त्यात बसते, ३१६(५) बसत नाही. गुन्हा नोंदवला नाही तर कलम १७३(४) प्रमाणे पोलीस अधीक्षकांना लेखी कळवावे आणि त्यानंतरही काही झाले नाही तर शपथपत्रासह कलम १७५(३) खाली न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा. मधली पायरी गाळलेले अर्ज पहिल्याच तारखेला अडकतात.

टप्पा ८ : नोंदणी खाते, बार कौन्सिल, लाचलुचपत विभाग

कर्मचाऱ्याविरुद्ध सह जिल्हा निबंधकांकडे व पुण्यात नोंदणी महानिरीक्षकांकडे लेखी तक्रार द्यावी. वकिलाविरुद्ध ॲडव्होकेट्स ॲक्ट १९६१ च्या कलम ३५ खाली महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलकडे जाता येते. तिथे ताकीद, निलंबन किंवा सनद काढून घेणे होऊ शकते, पण ती संस्था तुमच्या पैशांच्या वसुलीसाठी नाही.

सावध : दिलेल्या रकमेत शुल्काशिवाय ‘वरचे’ काही होते का, हे स्वतःशी प्रामाणिकपणे तपासा. लाच देणाराही भ्रष्टाचार प्रतिबंधक अधिनियमाच्या कलम ८ खाली दोषी असतो. जबरदस्तीने द्यावी लागली असेल तर ७ दिवसांत कळवणाऱ्यालाच संरक्षण आहे. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा क्रमांक १०६४ आहे. हा भाग लपवून केलेली तक्रार उलटतपासात टिकत नाही.

टप्पा ९ : वसुली

फौजदारी खटल्यात पैसे परत येतीलच असे नाही. वसुलीसाठी दिवाणी दावा लागतो आणि त्याची मुदत सामान्यतः ३ वर्षे असते. पोलीस तपास चालू आहे म्हणून ती थांबत नाही. मुदत संपण्याआधी समोरच्याने सही करून देणे लेखी मान्य केले असेल तर त्या तारखेपासून मुदत नव्याने मोजली जाते. दाव्यात मूळ रक्कम, दुसऱ्यांदा भरलेल्या शुल्कावरील दंड आणि व्याज असे तिन्ही मागावे. सरकारला, किंवा पदाच्या नात्याने केलेल्या कामासाठी अधिकाऱ्याला, प्रतिवादी करणार असाल तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० ची दोन महिन्यांची नोटीस आधी द्यावी लागते. मुदत अधिनियम १९६३ च्या कलम १५(२) नुसार नोटिशीचा हा काळ मुदत मोजताना वगळला जातो. मोबदला घेऊन सेवा देणाऱ्या एजंटाविरुद्ध दोन वर्षांच्या आत ग्राहक आयोगाचा मार्गही आहे. वकिलाविरुद्ध नाही, कारण वकिली सेवा ग्राहक कायद्यात येत नाही असा निर्णय १४ मे २०२४ रोजी झाला आहे.

हुकूमनामा झाल्यावर वसुलीची दरखास्त १२ वर्षांपर्यंत दाखल करता येते. दरखास्तीत प्रतिवादीची मालमत्ता दाखवावी लागते, म्हणून त्याच्या नावावरील मिळकतींचा ई-सर्च आणि सातबारा दाव्याच्या सुरुवातीलाच काढून ठेवावेत, आणि तो त्या विकण्याच्या खटपटीत दिसला तर निकालापूर्वीच्या जप्तीचा अर्ज त्याच वेळी द्यावा.